मने आणि मणे

परवा माझं मृत्युपत्र वाचून दाखवायला एक वकीलबाई आल्या. वयानं माझ्या नातीएवढ्या, तोंडात च्युइंगम. दारातच कागद उघडून त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी म्हटलं, "थांब ग बाई. आधी ते तोंडातलं थुंक. चूळ भर. मग बस, आणि मग वाच." ती माझ्या लेकाकडे बघायला लागली. लेकानं डोळ्यांनीच सांगितलं, वय झालंय, ऐका. तिनं ऐकलं. बेसिनवर जाऊन चूळसुद्धा भरली बिचारीनं.

वय झालंय हे खरं. पण हा नियम माझा नव्हे, गौरक्काचा. आणि तो मी ज्या भीतीतून शिकले, ती आठवली की या वयातही माझे तळवे ओले होतात.

मी लग्न होऊन बेंगळूरला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. म्हैसूर राज्याच्या नव्या सीमा आखून दोनतीन वर्षं झाली असतील. मी साताऱ्याची, मॅट्रिक पास. शुद्ध बोलण्याचा गर्व एवढा, की दारावर येणाऱ्या गोसाव्याचेसुद्धा उच्चार सुधारायची आणि मग त्याच्या शापाला भिऊन दोन मुठी तांदूळ जास्त घालायची. भ्यायचं म्हटलं की मला विषय कमी पडत नसे. पालीला भ्यायची, पोस्टमनला भ्यायची, शेजारच्या कोंबड्याला भ्यायची. ह्यांना, म्हणजे नवऱ्याला, भीत नव्हते, कारण ते माझ्याहून घाबरट निघाले.

बिऱ्हाड होतं चिकपेटच्या मागच्या गल्लीत, गौरक्काच्या वठारात. वठार म्हणजे एका अंगणाभोवती चारपाच बिऱ्हाडं आणि सगळ्यांत एक नळ. गौरक्काचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आले आणि परत जायचं विसरले, असं ती सांगे. तिची मराठीही तिथंच राहिलेली. निम्मी जुनी, निम्मी कन्नड, आणि वर विड्याचा रंग. विडा सतत तोंडात. डाव्या गालात घर करून बसलेला. विडा असला की तिचे न आणि ण एकाच गाडग्यात शिजत.

पहिल्याच दिवशी मी तिच्या पाया पडायला गेले. उंच, काळी, कपाळ मोकळं, आणि आवाज असा की माळ्यावरची भांडी उत्तर देतील. मी वाकले, उठले, तोंड उघडलं, तर ती ओरडली, "मानेवर बस!"

मी दचकून मागं सरले. मानेवर? कुणाच्या? तिच्या? सासरी काय काय करावं लागतं ते आईनं सांगितलं होतं, त्यात हे नव्हतं.

"अय्यो, ऐकतीस का नाही? मानेवर बस आधी. मग बोल."

मी सरळ पळाले. घरात जाऊन कडी लावली. हे कारखान्यातून आल्यावर रडत सांगितलं की घरमालकीण वेडी आहे, तिच्या मानेवर बसायला सांगते. हे आधी पांढरे पडले, मग चौकशी करून आले, मग हसले. "मणे ग. मणे म्हणजे कन्नडात पाट. पाटावर बस म्हणत होत्या."

चारच दिवसांनी तिनं नळावरून हाक मारली, "स्वल्प मनेत ये." मी मनात म्हटलं, म्हातारी कवयित्री आहे, मला मनात बोलावते. तर मने म्हणजे घर. जरा घरात ये, एवढंच. म्हणजे बेंगळूरला येऊन आठवड्याच्या आत मी शिकलेले पहिले दोन शब्द हे होते: मने आणि मणे. घर आणि पाट. हे लक्षात ठेवा. पुढं मी ते विसरल्याचं सोंग केलं.

पाट हा तिचा धंदा होता. लग्नामुंजींना लागणारे पाट आणि मोठाली पातेली ती भाड्यानं देई. फणसाच्या लाकडाचे चाळीस पाट माळ्यावर रचलेले. प्रत्येकाच्या पोटाशी तापल्या सळईनं मोडीतलं 'गौ' डागलेलं. ती सगळं मोडीत लिही. आमची शाळेतली बाळबोध अक्षरं तिला वाचता येत नसत. "ही तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी," म्हणायची. मला तिनं नाव ठेवलं मॅट्रिक. "ए मॅट्रिक, इकडं ये. बस आधी."

बसल्याशिवाय ती कुणाशी बोलत नसे. दूधवाला असो, नगरपालिकेचा माणूस असो, आधी पाट सरकवायची, तळव्यानं दोनदा थोपटायची. "उभ्यानं बोललेलं वाऱ्यावर जातं. बुड टेकलं की माणूस खरं बोलतो."

एकदा लग्नघरातून पाट परत आले. तिनं डोळे मिटून एकेकावर बोटाची पेरं वाजवली. एकाशी थांबली. "हा माझा नव्हे. आंब्याचा आहे." उलटा केला, खरंच 'गौ' नव्हतं. मला म्हणाली, "चल." लग्नघरी जेवणाची शेवटची पंगत अजून बसलेली, त्यात ती ताडताड शिरली, आणि मी तिच्या पदराआड. मधोमध बसलेल्या नवरीच्या मामापाशी जाऊन म्हणाली, "ऊठ."

"जेवतोय मी, बाई."

"जेव की. उभ्यानं जेव. बुडाखालचं माझं आहे."

मामा उठला. खाली 'गौ' होतं. पंगत हसली, मी मात्र वाटेत दोनदा मागं वळून पाहिलं, मामा काठी घेऊन येतोय का म्हणून. तिनं आंब्याचा पाट तिथंच ठेवला, आपला घेतला. परतताना म्हणाली, "ज्याचं त्याच्या हाती गेलं पाहिजे, मॅट्रिक. नाहीतर वस्तूला झोप लागत नाही."

घरात तिच्यासोबत तायम्मा. नवऱ्यानं टाकलेली, कन्नड बोलणारी, तीस वर्षं गौरक्काची पातेली घासणारी. तिचे हात चिंच आणि राखेनं इतके झिजले होते की बोटांवर रेषा उरल्या नव्हत्या. ती फारसं बोलत नसे. "सरी, अक्का," एवढंच. बरं, अक्का. दोघी दुपारी अंगणात समोरासमोर पाटांवर बसून सुपारी कातरत आणि एक शब्द बोलत नसत. मला ती शांतताही भीतिदायक वाटे. साताऱ्याला आमच्याकडे बायका गप्प बसल्या की समजायचं, कुणीतरी गेलंय.

आणि व्यंकोबा. गौरक्काचा भाचा, तिच्या वारलेल्या भावाचा मुलगा, सरकारी कचेरीत कारकून. तिच्या वडलांची दोन घरं होती. एक मुलाला दिलं, एक विधवा मुलीच्या नावावर केलं. मुलानं आपलं विकलं. व्यंकोबा दर महिन्याला येई, दारात उभा राही. इस्त्रीची पँट चुरगळेल म्हणून बसत नसे.

"बस रे व्यंक्या."

"वेळ नाही, आत्या. बरी आहेस ना? भिंतीला ओल आलीय बघ. आजोबांचं घर आहे, लक्ष ठेवायला हवं." बोलता बोलता डोळ्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत मापं घेई, आणि जाई.

तो गेला की ती म्हणायची, "हा मने बघतो तेव्हा जागा मोजतो. तायम्मा बघते तेव्हा कुठं गळतंय ते बघते."

दुसऱ्या वर्षी गौरक्काच्या पायांना सूज चढली. एक दिवस व्यंकोबानं मला नळावर गाठलं. अर्थात उभ्यानंच. "वहिनी, आत्यानं काही लिहायला सांगितलं तर आधी मला कळवा. उद्या घरमालक मीच असणार, हे तुम्हाला माहीत असावं." आवाज गोड होता. माझ्या हातातली घागर मात्र भरून वाहायला लागली तरी मला नळ बंद करायचं सुचेना.

आणि त्याच आठवड्यात हाक आली. "ए मॅट्रिक. दौत-लेखणी घेऊन ये. नवऱ्यालाही आण. शेट्टरला बोलावलंय."

शेट्टर म्हणजे समोरचे किराणा दुकानदार, कन्नड माणूस. ते आणि हे, दोघे साक्षीदार. आम्ही तिघं तीन पाटांवर बसलो. गौरक्कानं काय केलं, तर गालातला विडा काढला. थुंकली. तायम्माकडून तांब्या घेऊन तीनदा चूळ भरली. मी तिला विड्याशिवाय प्रथमच पाहत होते. डावा गाल बसलेला, चेहरा एकदम लहान मुलीसारखा. तायम्माला म्हणाली, "तू दुकानातून सुपारी आण." ती गेली.

"लिही. माझे शब्द लिही. तुझे साताऱ्याचे घालू नको. मने तायम्माला. मणे व्यंक्याला. एवढंच."

न तो न, ण तो ण. घंटेसारखा.

आता माझी फजिती ऐका. कान माझे उत्तम होते. पण डोक्यात साताऱ्याची शाळा भरली. घर मोलकरणीला आणि पाट सख्ख्या भाच्याला? असं कुठं असतं? म्हातारी उलटं बोलली असेल. आणि त्या शाळेच्या मागच्या बाकावर व्यंकोबा उभा होता, गोड आवाजात 'घरमालक मीच' म्हणत. आम्हाला काढलं तर जायचं कुठं? लेखणी टेकवली आणि मी लिहिलं: मने व्यंकोबाला, मणे तायम्माला.

"वाच," गौरक्का म्हणाली.

मी वर पाहिलं. तिचे डोळे माझ्यावर. आणि माझ्या जिभेनं वाचलं, "मने तायम्माला, मणे व्यंकोबाला."

असं झालं. हाताला व्यंकोबाची भीती, जिभेला गौरक्काची. दोघांना खूश करून मी मधल्या मध्ये मेले. तिनं मोडीत सही केली, शेट्टरांनी कन्नडात, ह्यांनी न वाचता. तिनं कागद घडी करून तांब्याच्या डब्यात टाकला, नवा विडा गालात सारला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शहाणी आहेस." ती थाप मला अजून लागते.

मग मी तिला टाळायला लागले. पहाटेच पाणी भरून घ्यायची. उद्या सांगू, उद्या सांगू, म्हणत एकवीस दिवस काढले. बाविसाव्या सकाळी तायम्मा दारात उभी राहिली, आणि तिनं रिकामा तांब्या जमिनीवर ठेवला. मला कळलं, गौरक्का गेली.

आता सगळं माझ्यावर आलं. ह्यांना सांगितलं तर हे डोकं धरून बसले. "गप्प राहा. तोंडात विडा होता, नीट ऐकू आलं नाही, असं म्हणायचं. मुळात कुणी विचारलंच तर."

मी सगळी भिस्त कावळ्यावर टाकली. इच्छा अडलेली असली तर कावळा पिंडाला शिवत नाही. दहाव्याला नाही शिवला, की लोकच विचारात पडतील, कुणीतरी डबा उघडेल, कुणीतरी काहीतरी करेल, मला बोलावं लागणार नाही. हे परत आले तशी मी धावले. "शिवला का?"

"शिवला म्हणजे? पिंड ठेवायच्या आधीच आला. हाकलावा लागला."

कावळासुद्धा व्यंकोबाचा भाडेकरू निघाला.

तेराव्याची जेवणं झाली. अंगणात आम्ही वठारातले, शेट्टर, तायम्मा. व्यंकोबानं डबा उघडला. उभ्यानं वाचलं. "मने व्यंकोबाला. मणे तायम्माला." घडी केली, खिशात घातली. "तायम्मा, पाट घेऊन जा. घाई नाही. महिनाअखेरपर्यंत खोली रिकामी कर."

तायम्मानं हात जोडले. "सरी, अण्णा." आणि शिडीवरून माळ्यावर चढली. एकेक पाट खाली काढायला लागली. तीस वर्षं त्या घराची गळती पुसलेली बाई, पाट ठेवायला तिच्याकडे चार विटांची जागा नव्हती. धप्प. धप्प. प्रत्येक पाट माझ्या छातीवर पडत होता. वस्तूला झोप लागत नाही, मॅट्रिक.

आणि मला ऐकू आलं की कुणीतरी बोलतंय. उंदरासारखा आवाज. तो माझा होता.

"ते उलटं आहे."

ह्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

"काय उलटं?" व्यंकोबा वळला.

"मने तायम्माला. मणे तुम्हाला. त्यांनी तसं सांगितलं होतं. मी उलटं लिहिलं."

व्यंकोबा हसला. "वहिनी, आत्याच्या तोंडात चोवीस तास विडा. न का ण, तिचं तिला कळत नव्हतं, तुम्हाला काय कळणार? तुम्ही लिहिलंय तेच बरोबर."

किती सुंदर वाट करून दिली होती त्यानं! फक्त मान हलवायची. मान हलवली की घर राहिलं, नवरा राहिला, अब्रू राहिली. शेजारी पाट पडला होता, मी त्याच्यावर बसले. बसले नसते तर पडलेच असते.

"विडा नव्हता," मी म्हटलं. "थुंकला होता. तीनदा चूळ भरली होती. मला स्पष्ट ऐकू आलं. मी तुम्हाला भ्याले म्हणून उलटं लिहिलं."

"म्हणजे खोटा कागद केलात! पोलिसात देऊ?"

"द्या." हा शब्द मी कसा काढला, देवाला ठाऊक. डोळ्यांपुढं तुरुंग दिसत होता, आणि तुरुंगात पालीच पाली.

तेवढ्यात शेट्टर घसा खाकरले. "मी एक बोलू? त्या दिवशी या अम्मांनी वाचलं तेव्हा मने तायम्माला असंच ऐकलं मी. आज तुम्ही वाचलं तर उलटं. मला वाटलं, मराठीत वाचताना उलटं होत असेल."

कुणी हसलं नाही. मी तर नाहीच. माळ्यावरचा आवाज थांबला होता. तायम्मा शेवटचा पाट घेऊन खाली उतरली. व्यंकोबा रागानं लाल, आणि ती त्याच्यासमोर येऊन उभी. इतकी वर्षं अक्का करायची तसा तिनं पाट त्याच्यापुढं ठेवला, पण पालथा. आणि बोटानं दाखवलं.

'गौ' वर एक आडवी रेघ मारलेली होती. शेजारी नवं, काळं, ताजं डागलेलं दुसरं अक्षर.

व्यंकोबाला मोडी येत नव्हती. पण ते एक अक्षर येत होतं. त्याच्या बारशाच्या चांदीच्या वाटीवर आत्यानं तेच कोरून दिलं होतं. 'व्यं'.

त्यानं दुसरा पाट उलटा केला. 'व्यं'. तिसरा. 'व्यं'. वाकून वाकून तो अंगणभर पाट पालथे करत गेला, आणि त्या अक्षरासाठी सगळीकडे वाकावं लागत होतं. शेवटी दमून त्यानं एक पाट सुलटा केला. इस्त्रीची पँट गुडघ्यांवर ओढून घेतली. आणि बसला.

बराच वेळ बसला. मग म्हणाला, "तायम्मा, पाणी दे." पाणी प्याला. भांडं खाली ठेवताना तो भिंतीकडे बघत होता, पण डोळ्यांनी माप घेत नव्हता. "ती ओल," म्हणाला, "पावसाआधी बघायला हवी तुला."

पुढं त्यानं स्वतःच्या सहीनं घर तायम्माला लिहून दिलं. तो कागद मी लिहिला नाही. मला कुणी विचारलंही नाही, बरं केलं. आम्ही तायम्माचे भाडेकरू म्हणून अकरा वर्षं राहिलो. पाट माळ्यावरच राहिले, धंदा व्यंकोबाच्या नावानं तायम्मानं चालवला, आणि दर रविवारी तो अंगणात येऊन पाटावर बसे. माझ्याशी वर्षभर बोलला नाही. नंतर एकदा पाट सरकवून म्हणाला, "बसा वहिनी." मी बसले, पण पळायच्या तयारीनं.

शूर झाले असं समजू नका. पालीला मी आजही भिते. पण एक गोष्ट आहे जी मी कुणाला सांगितली नव्हती, ती या कागदावर सांगते.

गौरक्का जायच्या आठेक दिवस आधीची सकाळ. मी चोरपावलांनी घागर भरून निघाले होते. अंगणात शेगडी पेटलेली, आणि जळत्या फणसाचा गोड वास. सुजलेले पाय पसरून गौरक्का बसली होती. तायम्मा पाट धरत होती आणि ती तापली सळई दाबत होती. हात कापत होता, म्हणून एकेका अक्षराला किती वेळ लागे.

"काय करताय?" मी लांबूनच विचारलं.

"नाव घालते." तिनं वर पाहिलं. धुरानं डोळे बारीक झालेले, गालात विडा. शेजारचा एक रिकामा पाट तिनं माझ्या दिशेनं सरकवला आणि तळव्यानं दोनदा थोपटला. "बस की ग. बघ."

बसले असते तर अक्षर दिसलं असतं.

"नंतर येते," मी म्हटलं आणि घागर सांभाळत निघाले. दाराशी वळून पाहिलं तर ती पुन्हा कामाला लागली नव्हती. हात अजून त्या रिकाम्या पाटावरच होता.